‘कोणत्याही प्रकारचे’ : पेहराव समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
पेहरावविषयक समिती, मनुष्यबळ विभाग

विषय : औपचारिक पँटसोबत स्पोर्ट्स शूज घालण्यास मनाई करणाऱ्या कलम 7 चा फेरविचार करण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपण नुकत्याच प्रसृत केलेल्या सुधारित पेहराव नियमावलीतील सातवे कलम एकाच ओळीचे आहे : “औपचारिक पेहरावासोबत कोणत्याही प्रकारचे स्पोर्ट्स शूज वापरू नयेत.” उरलेली नियमावली मी दोनदा वाचली आणि तिच्यातील बहुतेक गोष्टींवर माझा काहीही आक्षेप नाही. चुरगळलेला शर्ट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, घोषवाक्ये छापलेले टी-शर्ट आणि रबरी सपाता कार्यालयात नसाव्यात, हे मला मान्यच आहे. किंबहुना ते लिहून सांगावे लागते याचेच थोडे वाईट वाटते. माझे म्हणणे आहे ते फक्त सातव्या कलमाविषयी, आणि त्यातही ‘कोणत्याही प्रकारचे’ या दोन शब्दांविषयी.

याच विषयावर मी विभागाकडे दोन वेळा रीतसर अर्ज केला होता. दोन्ही अर्जांची पोच मिळाली, उत्तर मात्र मिळाले नाही, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे. शिवाय अशा आशयाचे कलम इतर असंख्य कार्यालयांतही आहे आणि तिथेही ते याच घाईने लिहिले गेले असावे, असा माझा अंदाज आहे.

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण हे पत्र कुणा नवख्या, हौशी तरुणाचे बंड आहे असा समज होऊ नये. मी लेखा विभागात गेली अठरा वर्षे काम करतो. त्यांपैकी सतरा वर्षे मी काळे, नाडीचे, चामडी तळाचे बूट घालून आलो. दर रविवारी रात्री जुन्या वर्तमानपत्रावर बूट मांडून, ब्रशने पॉलिश चढवून, शेवटी जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने त्यांना चकाकी आणणे हा माझ्या आठवड्याचा ठरलेला विधी होता, आणि त्यात मला खरोखर आनंद वाटत असे. कडक इस्त्रीची, सरळ घडी पडलेली पँट आणि तिच्याखाली नीट पॉलिश केलेला बूट यांच्या जोडीइतकी शोभिवंत गोष्ट पुरुषांच्या पेहरावात क्वचितच असेल, असे माझे आजही मत आहे.

अठराव्या वर्षी माझी टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकताना टाचेत खिळा ठोकल्यासारखे वाटे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, आणि कठीण, सपाट तळाचे बूट काही काळ बाजूला ठेवून मऊ सुखतळ्याचे, टाचेला आधार देणारे बूट वापरण्यास सांगितले. तेव्हा मी काळ्या चामड्याचे, काळ्याच रबरी तळाचे, कुठेही पट्टा किंवा चिन्ह नसलेले साधे स्नीकर घेतले आणि करड्या पँटखाली घालून कार्यालयात येऊ लागलो. पहिल्या दिवशी मला चोरासारखे वाटत होते. मात्र नियमावली निघेपर्यंतच्या चार महिन्यांत एकाही माणसाने माझ्या बुटांवर आक्षेप घेतला नाही. आपल्या समितीतील एक सदस्य त्या काळात माझ्यासोबत कित्येकदा लिफ्टमधून वर आले, दोन बैठकांना समोर बसले, एकदा तर माझे टापटीप राहणे त्यांनी नव्या मुलांना उदाहरण म्हणून सांगितले. त्या वेळी माझ्या पायांत, आपल्या कलमाच्या भाषेत सांगायचे तर, स्पोर्ट्स शूज होते.

नियमावली लागू झाली त्या सोमवारी काय घडले ते आता सांगतो. आमच्या विभागात गेल्या वर्षी रुजू झालेला एक तरुण सहकारी माझ्या चार पावले पुढे दारातून आत शिरत होता. करडी पँट, फिकट निळा शर्ट, पट्टा, आणि पायांत काळे चामडी स्नीकर; माझ्याहून एक माप मोठे असतील, एवढाच काय तो फरक. त्याने मध्यंतरी माझे बूट पाहून, कुठे घेतले ते विचारून, तसेच आणले होते. सुरक्षा कर्मचाऱ्याने हातातील कागदाकडे पाहिले, त्याच्या पायांकडे पाहिले आणि त्याला बाजूच्या बाकावर बसायला सांगितले. मग माझ्याकडे पाहून नेहमीप्रमाणे “नमस्कार साहेब” म्हटले आणि दार उघडून धरले. मी आत गेलो. खरे तर तिथेच थांबून पाय पुढे करायला हवा होता. जागेवर जाऊन बसेपर्यंत काय झाले ते माझ्या पुरते लक्षात आले नाही, आणि लक्षात आल्यावर खाली जायला मी वीस मिनिटे घेतली. तोवर तो घरी बूट बदलायला गेला होता. दुपारी तो परतला तेव्हा त्याच्या नावावर अर्धी रजा पडली होती.

सुरक्षा कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हाती दिलेल्या कागदावर जो शब्द होता त्याचा अर्थ त्याने लावला, आणि शब्दच असा होता की तो लावताना बुटाऐवजी माणसाकडे पाहिले जाणार हे ठरलेले होते. पिकलेल्या केसांखाली तोच बूट औपचारिक ठरला आणि पंचविशीतल्या मुलाच्या पायात स्पोर्ट्स शूज.

तेव्हा प्रश्न असा की ‘स्पोर्ट्स शूज’ म्हणजे नेमके काय? आपल्या नियमावलीत व्याख्यांचे स्वतंत्र पान आहे. त्यात ‘औपचारिक शर्ट’ आहे, ‘जीन्स’ आहे, ‘स्पोर्ट्स शूज’ची व्याख्या मात्र नाही.

हा शब्द निदान दोन वेगळ्या घराण्यांना एकाच छताखाली कोंबतो. पहिले घराणे जुने आहे. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि त्यानंतर कॅनव्हासच्या वरच्या भागाला रबरी तळ जोडणे शक्य झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये अशा बुटांना प्लिमसोल म्हणू लागले, कारण कॅनव्हास आणि रबर यांच्या सांध्यावरची पट्टी जहाज किती बुडेपर्यंत भार चढवावा हे दाखवणाऱ्या प्लिमसोल रेषेसारखी दिसे. अमेरिकेत त्यांना स्नीकर हे नाव पडले, ते चोरपावलांनी चालण्यावरून. रबरी तळाचा आवाज होत नाही ना. (आमच्याकडे येणाऱ्या एका लेखापरीक्षकांच्या चामडी टाचांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापासून ऐकू येत असे आणि तेवढ्या वेळात आम्ही फायली सरळ करत असू. त्यांनी स्नीकर घातले असते तर आमचे कठीण झाले असते.) केड्स हे स्नीकर 1916 चे, कन्व्हर्स कंपनीचा ऑल स्टार 1917 चा. पुढे 1960 च्या दशकात आदिदासने टेनिससाठी पांढऱ्या चामड्याचा एक अगदी साधा बूट काढला. तो आधी एका फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखला जाई आणि नंतर स्टॅन स्मिथ या नावाने जगभर गेला. आज कार्यालयात दिसणारे गुळगुळीत, एकरंगी चामडी स्नीकर बव्हंशी त्याच वंशातले आहेत. 2004 मध्ये सुरू झालेल्या कॉमन प्रोजेक्ट्ससारख्या कंपन्यांनी तर त्यावरची सगळी चिन्हे काढून टाचेजवळ केवळ बारीक सोनेरी आकडे ठेवले. तो बूट घालून कुणी धावायला जात नाही. गेलाच तर परतताना लंगडत येईल.

दुसरे घराणे धावण्याच्या बुटांचे. 1970 च्या दशकापासून तळाच्या मधल्या थरात हलका, दाबला जाऊन परत फुगणारा फेस वापरला जाऊ लागला आणि बुटाचा आकारच पालटला. तळ जाड झाला, बाजूंना पसरला, टाच मागे उचलली गेली, वरचा भाग जाळीदार झाला, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या आल्या. ही जाडी इतकी वाढत गेली की रस्त्यावरील शर्यतींसाठीच्या बुटाचा तळ 40 मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, असा नियम वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेला 2020 मध्ये करावा लागला. या बुटांचे प्रत्येक अंग कशासाठी तरी घडवलेले असते, आणि ते कार्यालयात बसण्यासाठी नसते.

या दुसऱ्या घराण्याविषयी आपण आणि मी एकाच बाजूला आहोत, हे मला स्पष्टपणे नोंदवायचे आहे. इस्त्रीच्या पँटखाली धावण्याचे बूट वाईट दिसतात. त्याचे कारण केवळ सवय किंवा परंपरा एवढेच असते तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो. ते कारण पँटच्या कापात आहे. जुना शिंपी पँटची लांबी घेताना बूट घालून उभे राहायला सांगतो, कारण मोहरी, म्हणजे पँटची खालची कड, बुटाच्या पाठीवर किंचित टेकावी आणि पुढे एकच हलकी मोड पडावी असा त्याचा हिशेब असतो. चामडी बुटाचा पुढचा भाग सखल आणि निमुळता असतो, त्यामुळे कापड त्यावरून घरंगळून जागेवर बसते. धावण्याच्या बुटाची घोट्याभोवतीची गळपट्टी गुबगुबीत असते आणि जीभ वर आलेली असते. मोहरी त्यावर अडकते, चालताना जागच्या जागी चढून राहते, आणि गुडघ्यापासून सरळ रेषेत उतरलेली इस्त्रीची घडी घोट्याजवळ येऊन दोन ठिकाणी मोडते. मागच्या बाजूने पाहिले तर आणखी वाईट : टाचेचा भडक रंगाचा फेस पँटखालून बाहेर डोकावतो. चौदा-पंधरा इंचांच्या अरुंद मोहरीची पँट असेल तर एखाद्या निमुळत्या खांबाखाली अंगणभर पसरलेले जोते बांधावे, तसे दिसते. जाळीदार कापड आणि बारीक विणीचे लोकरी कापड यांचे तर मुळीच जमत नाही. एक प्रकाश गिळते आणि दुसरे तो परत फेकते.

साध्या चामडी स्नीकरचे तसे नाही. त्याचा तळ टाचेपासून चवड्यापर्यंत साधारण एकसारख्या जाडीचा असतो, कड बाहेर पसरलेली नसते, पुढचा भाग सखल असतो आणि गळपट्टी घोट्याच्या हाडाखाली संपते. मोहरी त्यावर जवळजवळ चामडी बुटासारखीच बसते. फार तर शिंप्याकडून लांबी अर्धा इंच कमी करून घ्यावी म्हणजे मागे कापड तुडवले जात नाही. यातही तारतम्य लागतेच. काळ्या पँटखाली पांढऱ्या रबराची जाड पट्टी मला स्वतःला आवडत नाही. पाय जमिनीपासून तोडल्यासारखा दिसतो. फिकट सुती पँटखाली तोच पांढरा बूट चांगला शोभतो. कापड जितके तलम आणि चमकदार, तितका बूट गडद आणि साधा हवा, हा माझा ठोकताळा. आणि एकाच कापडाचा पूर्ण सूट असेल तर स्नीकर टाळावेत असे मला वाटते, मग कितीही मोठी माणसे तसे फिरत असोत.

स्वच्छतेचा मुद्दा आपल्या परिपत्रकाच्या प्रस्तावनेत आहे, आणि तो मला आपल्या सगळ्या युक्तिवादात सर्वांत सबळ वाटतो. पॉलिश होणारे चामडे दयाळू असते. ओरखडा पडला, रंग उडाला, तरी दहा मिनिटांच्या मेहनतीत ते बरेच काही झाकून नेते. स्नीकर काहीच झाकत नाही. त्याच्या रबरी कडेवर एकदा राखाडी छटा चढली, नाड्यांची टोके काळी पडली, चवड्याच्या घडीत माती बसली, की तो बूट घरी कितीही पुसला तरी कार्यालयाच्या पांढऱ्या दिव्यांखाली मळकाच दिसतो. म्हणून स्नीकरला परवानगी देताना स्वच्छतेचा नियम चामडी बुटापेक्षा अधिक कडक असावा, याला माझा पाठिंबा आहे. मात्र आज आपल्या कलमाने काय होते पाहा : तळ उसवलेला, नाडी तुटून गाठ मारलेला, महिनोन्महिने ब्रश न पाहिलेला चामडी बूट दारातून निर्धास्त आत येतो आणि कोरा करकरीत स्नीकर बाकावर बसतो. साप म्हणून भुई धोपटण्याचाच हा प्रकार झाला.

आता आपल्या परिशिष्टाकडे वळतो. त्यात मान्य बूट म्हणून ऑक्सफर्ड, डर्बी (दोन्ही नाडीचे चामडी बूट), ब्रोग आणि बिननाडीचा लोफर ही चार नावे दिली आहेत. यांतील ब्रोगवरची नक्षीदार छिद्रे स्कॉटलंड-आयर्लंडच्या दलदलीतून चालताना बुटात शिरलेले पाणी निथळून जावे यासाठी होती, असे सांगतात. म्हणजे तो चिखलातला बूट. लोफर नॉर्वेतील ग्रामीण पादत्राणावरून आला आणि अमेरिकेत 1936 मध्ये जी. एच. बास या कंपनीने तो विकायला काढला तेव्हा तो फावल्या वेळचा जोडा होता. त्याच्या नावातच रिकामटेकडेपणा आहे. त्या काळी एखाद्या कार्यालयाने ‘कोणत्याही प्रकारचे चिखलात चालण्याचे किंवा फावल्या वेळचे बूट वापरू नयेत’ असे कलम केले असते, तर आपल्या परिशिष्टातील निम्मे बूट आज त्यात नसते. शिवाय 2012 मध्ये कोल हान या कंपनीने वरून ब्रोग आणि खालून नायकेच्या धावण्याच्या बुटाचा फेसाचा तळ, असा एक बूट बाजारात आणला आणि तेव्हापासून तशा संकरित बुटांची रीघ लागली आहे. आपल्या परिशिष्टानुसार तो ब्रोग म्हणून मान्य, आणि कलम सातनुसार तळामुळे अमान्य. सुरक्षा कर्मचाऱ्याने दारात उभे राहून याचा निवाडा कसा करावा, हे समितीने मला सांगावे.

इतरांनी काय केले याचीही थोडी नोंद घेऊ. स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेने 2010 च्या अखेरीस आपल्या काही शाखांसाठी चाळीसहून अधिक पानांची पेहराव पुस्तिका काढली होती आणि तिच्यात अंतर्वस्त्रांच्या रंगापर्यंत सूचना होत्या. जगभर हसे झाल्यावर बँकेने ती सुधारण्याचे जाहीर केले. याउलट जनरल मोटर्समध्ये मेरी बारा मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख असताना त्यांनी दहा पानी नियमावली रद्द करून तिच्या जागी दोनच शब्द ठेवले, ज्यांचा अर्थ ‘योग्य पेहराव करा’ एवढाच होतो. गोल्डमन सॅक्ससारख्या सूट-टायसाठी प्रसिद्ध असलेल्या बँकेनेही मार्च 2019 मध्ये आपले नियम सैल केले.

हे दोन शब्दांचे उदाहरण व्यवस्थापनाच्या प्रत्येक व्याख्यानात ऐकू येते, आणि आपणही ते उचलावे असे मी सुचवीन अशी काहींची अपेक्षा असेल. मी ते सुचवत नाही. त्याच घटनेतला दुसरा भाग असा की एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या दोन शब्दांविरुद्ध तक्रार केली होती, आणि बारांनी त्याला आपल्या चमूशी स्वतः बोलून मार्ग काढायला सांगितले. जिथे विभागप्रमुख असे बोलतात तिथे दोन शब्द पुरतात. आपल्याकडे नियमाची अंमलबजावणी प्रवेशद्वारावर होते. तिथे ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ पुन्हा चेहरा पाहूनच लावला जाईल. मला नियम हवा आहे, पण बुटाकडे पाहून लावता येईल असा.

महिला सहकाऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी जुना आणि अधिक दुखरा आहे. एप्रिल 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतुकीचा संप अकरा दिवस चालला, तेव्हा हजारो नोकरदार स्त्रिया सूट घालून आणि पायांत खेळाचे बूट चढवून मैलोन्‌मैल चालत कामावर गेल्या. संप मिटला, सवय राहिली. उंच टाचांचे बूट पिशवीत किंवा टेबलाखालच्या खणात ठेवायचे, कार्यालयात आल्यावर बदलायचे आणि निघताना पुन्हा बदलायचे, हे आमच्या मजल्यावर आजही रोज पाहायला मिळते. 2015 च्या अखेरीस लंडनमध्ये एका स्वागतिकेला टाचांचे बूट नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी बिनपगारी परत पाठवण्यात आले. तिने केलेल्या याचिकेवर दीड लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि मार्च 2017 मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. त्यानंतरच्याच महिन्यात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने स्त्रियांना उंच टाचांची सक्ती करण्यास मनाई केली. आपल्या नियमावलीत टाचांची सक्ती नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र परिशिष्टात स्त्रियांसाठी ‘औपचारिक पंप्स (सखल गळ्याचे, बिननाडीचे जोडे) किंवा तत्सम’ एवढेच लिहिले आहे आणि सपाट, बंद, नाडीच्या बुटाला त्यात जागाच नाही. ज्या सहकारी दिवसभर तीन मजले चढ-उतार करून कागदपत्रे पोहोचवतात, त्यांनी ‘तत्सम’ या शब्दावर पाय टेकवून उभे राहायचे काय?

जपानमध्ये कार्यालयीन शिस्त सैल आहे असे कुणी म्हणणार नाही. तिथल्या सरकारच्या क्रीडा विभागाने काही वर्षांपूर्वी नोकरदारांनी स्नीकर घालून कामावर चालत यावे यासाठी मोहीमच काढली, कारण लोक चालत नाहीत ही त्यांची चिंता होती. आपल्या कार्यालयात आरोग्य सप्ताहात जिने वापरण्याची भित्तिपत्रके लागतात. त्याच जिन्यांच्या पायथ्याशी बूट तपासले जातात.

दोन आक्षेपांना उत्तर देतो. ग्राहकासमोर काय, हा पहिला. माझ्या मते बाहेरच्या व्यक्तीशी पहिली भेट असेल, न्यायालयात किंवा शासकीय सुनावणीस जायचे असेल, तर पॉलिशचे चामडी बूटच घालावेत. तिथे समोरच्याचा मान राखण्याचा प्रश्न आहे आणि माझी टाच एक दिवस सहन करील. ज्या विभागांचे काम रोजच बाहेरच्यांशी असते त्यांच्यासाठी वेगळा नियम करण्यासही माझी हरकत नाही. लेखा विभागात मात्र आमच्या पायांचे दर्शन दिवसभर फक्त टेबलाखालच्या तारांना घडते. दुसरा आक्षेप, आज स्नीकर तर उद्या चपला, हा. त्याला उत्तर एवढेच की चपलांविषयीचे कलम आपल्याकडे आधीपासून आहे, चांगले लिहिलेले आहे, आणि त्याला कुणी हात लावायला सांगितलेले नाही. गोदाम आणि कार्यशाळेचा प्रश्न तर इथे उद्भवतच नाही. तिथे बोटांवर पोलादी टोपी असलेले सुरक्षा बूट हवेत, आणि तिथे स्नीकर काय अन् माझे पॉलिशचे ऑक्सफर्ड काय, दोन्ही सारखेच निरुपयोगी.

म्हणून कलम 7 च्या जागी पुढील मजकूर घ्यावा, अशी माझी विनंती आहे : “औपचारिक पँटसोबत बंद, स्वच्छ व सुस्थितीतील बूट वापरावेत. वरचा भाग चामड्याचा किंवा चामड्यासारख्या गुळगुळीत साहित्याचा, एकाच शांत रंगाचा आणि ठळक चिन्हाविना असल्यास रबरी तळाचे बूटही चालतील. जाळीदार वरच्या भागाचे, भडक रंगाचे किंवा धावण्यासाठी बनवलेले जाड फेसाचे बूट कार्यालयात वापरू नयेत. वैद्यकीय कारण असल्यास विभागप्रमुखास कळवावे, प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. हे कलम सर्व पदांना व स्त्री-पुरुष सर्वांना सारखेच लागू राहील.” भाषा समितीला हवी तशी सुधारावी. ‘ठळक’ म्हणजे किती, यावर वाद होईल हे मला कळते. तरी तो वाद बुटावर होईल. प्रमाणपत्राविषयीचे वाक्य मात्र तसेच ठेवावे असे आग्रहाने सांगतो, कारण टाचदुखीचा कागद घेऊन मजल्यामजल्यावर फिरणे हे टाचदुखीच्या माणसाचे काम नाही.

नवा मजकूर ठरेपर्यंत प्रवेशद्वारावरील तपासणी थांबवावी आणि काही सांगायचे असल्यास ते संबंधिताच्या वरिष्ठाने त्याच्या जागेवर जाऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगावे.

एक शेवटची बाब हिशेबाची आहे, आणि हिशेब हेच माझे काम असल्याने ती मला सोडवत नाही. त्या सोमवारी माझ्या सहकाऱ्याच्या नावावर अर्धी रजा टाकण्यात आली. त्याच सकाळी, त्याच दारातून, त्याच प्रकारचे बूट घालून मीही आत आलो होतो आणि संध्याकाळपर्यंत तेच घालून काम केले. माझ्या नावावर मात्र काहीही पडले नाही. या महिन्याची रजापत्रके बंद होण्यापूर्वी एकतर त्याची अर्धी रजा परत जमा करावी, नाहीतर माझीही कापावी. दोन्हींपैकी कोणत्याही नोंदीवर मी आनंदाने सही करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
लेखा विभागातील एक कर्मचारी